जॅझ कुठल्या कपाटात सापडतं?

नववीत असताना संगीताच्या प्रकल्पासाठी बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला लावणी आली, कुणाला गझल. माझ्या चिठ्ठीवर होतं, 'जॅझ'. अट एकच होती: सायबर कॅफेतून प्रिंटआउट आणायचे नाहीत, शाळेच्या वाचनालयातली पुस्तकंच वापरायची.

नवी मुंबईतल्या आमच्या शाळेचं वाचनालय म्हणजे काचेची काही कपाटं आणि एक रजिस्टर. संगीताच्या कप्प्यात हार्मोनियम शिकवणारी पुस्तकं तेवढी होती. शेवटी एका इंग्रजी ज्ञानकोशात दोन पानं सापडली. न्यू ऑर्लिन्स, गुलामीतून सुटलेल्यांच्या मुलानातवंडांनी उभे केलेले बँड, ब्लूज, लुई आर्मस्ट्राँग. मी सगळं मन लावून उतरवून काढलं आणि शेजारी ट्रम्पेटचं चित्र काढलं.

आजोबांनी ते चित्र पाहिलं. त्यांची उमेद लालबागला गिरणीत गेलेली. म्हणाले, "हे वाजवणारे आमच्या 'अलबेला'त होते की!" मी म्हटलं, "आजोबा, ते सिनेमातलं. हे अमेरिकेतलं आहे." ते काही बोलले नाहीत. मीही पुढे विचारलं नाही.

आजोबांचं बरोबर होतं. हे मला कळलं इंजिनिअर होऊन नोकरीला लागल्यावर, नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक हाती आलं तेव्हा. मुंबईच्या जॅझचा अख्खा इतिहास त्यात आहे.

१९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. अमेरिकेत तेव्हा मंदी होती आणि वर्णभेद तर होताच. इथे समोर नाचायला साहेब, संस्थानिक आणि श्रीमंत पारशी असायचे. वेदरफोर्ड पुन्हा मायदेशी स्थिरावलाच नाही. १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला.

या पाहुण्यांच्या शेजारी बसून जे शिकले, त्यांत मोठा भरणा गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा होता. त्यांचं पहिलं शिक्षण गावच्या चर्चच्या शाळेत झालेलं. पोर्तुगीज अमदानीत या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गावात पोट भरेना, म्हणून ही मुलं मुंबईला यायची. बार्देशातल्या हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ त्यांतलाच. मुंबईत तो 'चिक चॉकलेट' झाला आणि लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. साहेब गेले, संस्थानं गेली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या रात्री थंडावल्या. जॅझ लगेच संपलं नाही, पण वादकांना दिवसाचं काम हवं होतं आणि ते होतं सिनेमाच्या स्टुडिओत. हिंदी संगीतकार चाल बांधत. पण तीसचाळीस वाद्यांनी काय आणि कधी वाजवायचं हे कागदावर उतरवणारा माणूस लागे. स्वरलिपी येणारे हे गोवेकर तिथे 'अरेंजर' झाले.

इथेच पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि चिक चॉकलेट एकत्र आले. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादांच्या नाचामागे जो ट्रम्पेट घुमतो, तो या ओळखीतून आलेला. चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार त्यात पडद्यावरही दिसतात. त्या गाण्यांना निव्वळ जॅझ म्हणता येणार नाही. त्यांत स्विंग आहे, लॅटिन ठेके आहेत आणि चाल मात्र इथल्या कानाला रुचणारी. ताजच्या नाचघरात माझ्या आजोबांना कुणी उभं केलं नसतं, पण तिथलं संगीत चार आण्यांच्या तिकिटात त्यांच्यापर्यंत पोचलं.

पडद्यावरच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव यायचं. वादकांची आणि अरेंजरांची नावं बहुतेकदा यायचीच नाहीत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव देशभर झालं ते १९७७ साली, 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे. ते संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. तरी ते गाणं गुणगुणणाऱ्या बहुतेकांना असा खरा माणूस आहे, याचा पत्ताच नव्हता.

वाचनालयांच्या ड्यूई दशांश पद्धतीत जॅझचा क्रमांक ७८१.६५ आहे आणि सिनेमाचा ७९१.४३. आम्ही प्रोग्रामर लोक एका नोंदीला हवे तितके टॅग लावतो. पुस्तकाला मात्र एकाच कप्प्यात बसावं लागतं. मुंबईचं जॅझ असं विखुरलेलं आहे: थोडं गोव्याच्या इतिहासात, थोडं सिनेमात, थोडं दारूबंदीच्या कायद्यात. आमच्या शाळेतही चरित्र-आत्मचरित्रांच्या कपाटात सी. रामचंद्रांचं 'माझ्या जीवनाची सरगम' होतं. संगीताच्या कप्प्यातून ज्ञानकोशाकडे जाताना मी त्याच्यावरून बोट फिरवत गेलो होतो. कण्यावर 'जॅझ' लिहिलेलं नव्हतं, म्हणून थांबलो नाही.

चूक पुस्तकांची नव्हती, बाईंचीही नव्हती. जॅझ लांबचं आहे हे मी आधीच ठरवून बसलो होतो आणि तेवढंच शोधत होतो. छापलेलं ते खरं आणि घरातलं माणूस सांगतं ती गप्प, हेही मीच ठरवलेलं.

आजोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. 'अलबेला' त्यांनी कुठल्या थेटरात पाहिला, बँड पडद्यावर आला की पिटातली माणसं काय करायची, हे आता विचारता येत नाही.

तो प्रकल्प आईने जपून ठेवलाय. वीसपैकी अठरा गुण आहेत. शेवटच्या पानावर 'संदर्भ' लिहून खाली ज्ञानकोशाचं नाव आहे. उरलेलं पान कोरं आहे. आजोबांचं नाव लिहायला तिथे भरपूर जागा होती.