कुत्रा चालेल, पण कुठपर्यंत? दोघांची वसंतातली रत्नागिरी आणि अंगणाचा इतिहास

मार्च जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो. आम्ही दोघं आणि आमचा कुत्रा, तीन-चार दिवस रत्नागिरीकडे एखाद्या गावात राहायला जायचंय, जमेल का? अ‍ॅपवर ‘पेट फ्रेंडली’चा फिल्टर लावला की चार घरं दिसतात. फोन लावला की पलीकडून काका म्हणतात, “आणा की, आमच्याकडेपण दोन आहेत.” बुकिंग होतं. आणि पोचल्यावर कळतं की काकांच्या डोक्यात कुत्रा अंगणात आहे आणि आपल्या डोक्यात तो पलंगावर आहे. दोघंही खोटं बोललेले नसतात.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे असं दिसतं: अ‍ॅपमधलं ते फील्ड फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच घेतं, घराला मात्र त्याची पाच-सहा उत्तरं माहीत असतात. ती उत्तरं कुठून आली, हा आजचा एपिसोड.

जुन्या कोकणी घरात आपण टप्प्याटप्प्याने शिरतो. आधी अंगण, म्हणजे खळं. मग पडवी, मग ओटी, मग माजघर, आणि सगळ्यात आत देवघर आणि स्वयंपाकघर. प्रत्येक उंबऱ्यावर कोण थांबणार हे ठरलेलं. नवखा पाहुणा ओटीवर. घरचा माणूस माजघरात. कुत्रा अंगणात, फार तर पावसाळ्यात पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर. त्याला नाव असायचं, हक्काचा भातमाशांचा उरलेला घास असायचा, आणि कामही असायचं. राखण. आंब्या-काजूच्या बागेत वानरं उतरली की भुंकायचं, रात्री गोठ्याजवळ बिबट्याची चाहूल लागली की घर उठवायचं. बऱ्याचदा तो बिबट्या त्यालाच घेऊन जायचा, आणि हे आजही होतं. म्हणजे अंगणातला कुत्रा नावडता नव्हता. तो ड्युटीवर होता.

देवाच्या बाबतीतही तेच. रत्नागिरी शहराचं ग्रामदैवत श्री भैरी, म्हणजे भैरव, आणि भैरवाचं वाहन कुत्रा. खंडोबाच्या सोबत कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्री. आपल्याकडे कुत्र्याला देवाशेजारी जागा मिळाली, पण स्वयंपाकघरात मिळाली नाही. (रायगडावरच्या वाघ्याबद्दल विचारू नका, त्यावर लोक अजून भांडतायत, तो वेगळा एपिसोड आहे.)

पण उंबऱ्यांची ही गोष्ट गोड करून सांगणं मला पटत नाही, कारण त्याच पायऱ्यांवर माणसंही अडवली जात होती. मुंबईहून गाडीने रत्नागिरीला येताना वाटेत महाड लागतं. तिथल्या चवदार तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यामांजरांना पाणी प्यायला कोणी हटकत नव्हतं. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना हटकत होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, ते रत्नागिरी जिल्ह्यातच, मंडणगड तालुक्यात. आणि खुद्द रत्नागिरीत सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं १९३१ साली. वसंतात ह्या रस्त्याने जाणार असाल तर तळ्यापाशी अर्धा तास थांबा. ‘कोण कुठपर्यंत येऊ शकतो’ हा प्रश्न कोकणात कुत्र्यावरून सुरू झालेला नाही.

आता ‘दोघं’ ह्या शब्दाकडे येऊ. मला ह्या विषयातला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो. नवरा-बायकोने दोघांनीच उठून कुठेतरी चार दिवस राहायला जायचं, ही कल्पना रत्नागिरीच्या बहुतेक घरांत नव्हतीच. कारण दोघं एका गावात नसायचीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत गिरण्या सुरू झाल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातून पुरुषांची रांग लागली. नवरा गिरणगावात दहा-पंधरा जणांबरोबर एका खोलीत, बायको गावी शेत, सासू-सासरे आणि गुरं सांभाळत. मध्ये पोस्टमन आणि मनीऑर्डर. ह्या विरहाचा आकडा अजून दिसतो: २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. हा आकडा कुठे अभिमानाने सांगितलेला दिसला की मला ते मुंबईला गेलेले पुरुष आठवतात. ह्याचा बराचसा भाग तेच आहेत.

मग दोघांची भेट कधी? शिमग्याला आणि गणपतीला. त्यातही आगबोटींच्या काळात शिमग्याला वेगळं महत्त्व होतं. पावसाळ्यात समुद्र बंद, बोटी बंद. गणपतीच्या सुमाराला समुद्र नुकता कुठे शांत व्हायला लागलेला. फाल्गुनात मात्र पाणी निवांत. चाकरमानी मुंबईला बोटीत बसायचा आणि आपल्या बंदरासमोर बोट थांबली की छोट्या पडावात उतरून किनाऱ्याला यायचा. फाल्गुन शुद्ध पंचमीपासून गावात शिमग्याची लगबग, मग होळी, मग ग्रामदेवतेची पालखी घरोघरी. तुम्ही ज्याला ‘स्प्रिंग ब्रेक फॉर कपल्स’ म्हणताय, त्याची रत्नागिरीतली जुनी आवृत्ती हीच. फरक इतकाच की त्यात दोघांना एकांत मिळायचा नाही. घरात पंधरा माणसं, दारात पालखी आणि अंगणात कुत्रा, जो वर्षभराने आलेल्या मालकावर आधी भुंकायचा आणि मग शेपूट हलवायचा.

रत्नागिरीत दोघांनी एकत्र राहिलेलं एक प्रसिद्ध जोडपं होतं, पण ते सुट्टीवर नव्हतं. ब्रह्मदेशचा राजा थिबा आणि राणी सुपयालत. इंग्रजांनी त्यांना १८८६ साली इथे आणून ठेवलं. १९१० मध्ये ते समुद्र दिसणाऱ्या टेकडीवरच्या राजवाड्यात राहायला गेले. राजा १९१६ मध्ये इथेच वारला. थिबा पॉइंटवर सूर्यास्ताचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांना हे माहीत असावं असं मला आपलं वाटतं.

मग दोघांनी, कुत्रा घेऊन, हवापालटासाठी जायची पद्धत कोणाची? साहेबाची. १८१८ नंतर इंग्रजांनी दापोलीला लष्करी छावणी टाकली, म्हणून जुने लोक अजून ‘कॅम्प’ म्हणतात. १८२८-२९ च्या सुमाराला महाबळेश्वर वसवलं. मे महिन्यात साहेब, मडम, खानसामा आणि पट्ट्याला बांधलेला कुत्रा असा लवाजमा डोंगरावर. त्याच इंग्रजांचा मुंबईत मात्र उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारायचा नियम होता, दर कुत्र्यामागे बक्षीस देऊन. १८३२ च्या जूनमध्ये पारशी मंडळींनी त्याविरुद्ध दंगा केला, हिंदूही सामील झाले, बाजार बंद पडला. म्हणजे पाळलेला कुत्रा डब्यात आणि भटका कुत्रा काठीखाली, ही विभागणी शहराला चांगली दोनशे वर्षं जुनी आहे.

ह्या साहेबी सुट्टीचा सांगाडा आजही रेल्वेच्या नियमात सापडतो. फर्स्ट एसीमध्ये कुत्रा नेता येतो, पण तुम्ही अख्खा कुपे किंवा अख्खी केबिन घेतली असेल तरच. कुपे म्हणजे दोन बर्थची खोली, बरोबर दोघांची. टू-टायर, थ्री-टायर, स्लीपर, चेअर कार, कुठेच परवानगी नाही. उरला पर्याय गार्डच्या ब्रेक व्हॅनमधला डॉग बॉक्स, लोखंडी पेटी. पहिल्या वर्गाच्या साहेबाचा कुत्रा शेजारी आणि इतरांचा सामानात, हे तत्त्व स्वातंत्र्यानंतरही कोणी बदललं नाही.

तरी ती रेल्वे रत्नागिरीत यायलाच नव्वदचं दशक उजाडलं. कोकण रेल्वेची मागणी फार जुनी. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै आणि मग मधू दंडवते ह्यांनी ती धरून ठेवली, १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना महामंडळ झालं, ई. श्रीधरन ह्यांनी काम पूर्ण केलं, आणि २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर गाडी धावली. इंजिनिअर म्हणून मी इथे जरा थांबणार: रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर, आणि पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. कुपेत असाल तर बोगद्यात कुत्र्याच्या कानावर हात ठेवा. डॉग बॉक्समध्ये असेल तर तो अंधार आणि आवाज त्याला एकट्याने काढायचाय. मला विचाराल तर कुपे मिळत नसेल तेव्हा स्वतःच्या गाडीने जा. आणि एक लक्षात ठेवा, फर्स्ट एसीचं तिकीट काढलं म्हणजे कुपे मिळालाच असं नाही. ते चार्ट लागताना ठरतं.

दरम्यान गावातली घरं बदलली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या मोडत गेल्या, पुढची पिढी डोंबिवली-विरारला स्थिरावली, गावची घरं वर्षातले दहा महिने कुलपात. त्यातल्या काहींच्या पडव्या आता ‘होमस्टे’ झाल्यात. म्हणजे चाकरमान्याने जी ओटी सोडली, तिथे तुम्ही भाडं देऊन झोपणार आहात. घरच्या काकू स्वयंपाक करतात तो बहुतेक वेळा देवघराला लागून असलेल्या त्याच चुलीपाशी. कुत्र्याला आत घेऊ नका म्हणतात तेव्हा त्या तुमच्या कुत्र्याला घाण म्हणत नाहीयेत. त्या माजघराची रेषा सांगतायत. ती मोडावी की पाळावी ह्यावर वाद घालता येईल, पण तो त्यांच्या घरात जाऊन, दोन दिवसांचे पैसे देऊन घालायचा नसतो असं माझं मत.

आणि एक रेषा अशी आहे जी अजिबात मोडायची नाही. ती वाळूत आहे. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभर, आणि ती फुटून पिल्लं समुद्राकडे निघतात ती नेमकी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. तुमच्या सुट्टीच्या दिवसांत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये हे काम सुरू केलं. त्याआधी अंडी माणसं खायची, विकायची, आणि उरलेली कोल्हे आणि कुत्री उकरायची. मग गावकरी राखणदार झाले, घरटी कुंपणात हलवली, महोत्सव सुरू झाला आणि त्यातून घरोघरी पाहुणे राहायला लागले. आज आंजर्ले, गुहागर, गावखडी अशा बऱ्याच किनाऱ्यांवर हे चालतं. कुत्र्याच्या नाकाला वाळूतलं अंडं कळतं, त्याला दोष देता येत नाही. म्हणून अशा किनाऱ्यावर कुत्रा कायम दोरीवर, आणि पहाटे-संध्याकाळी पिल्लं सोडतात तेव्हा तो मुक्कामीच. दोघांपैकी एकाने सकाळी जावं, दुसऱ्याने संध्याकाळी. कपल ट्रिपमध्ये हे जरा विचित्र वाटेल, पण चालतं.

बाकी तयारी थोडक्यात. मार्चमध्ये रत्नागिरीचा पारा कधी कधी ३८ च्या वर जातो आणि कातळाचे सडे तव्यासारखे तापतात. उक्षी, कशेळीची कातळशिल्पं सकाळी लवकर बघा. दुपारी त्या जांभ्यावर तुम्हाला अनवाणी उभं राहता येत नसेल तर त्यालाही येत नाही. शिमग्याच्या दिवसांत जायचं तर ढोल-ताशे दारापर्यंत येणार हे धरून चाला. आवाजाला घाबरणारा कुत्रा असेल तर पंचांग बघून पालख्या उरकल्यावर जा. रेबीजच्या लसीचं कार्ड सोबत हवंच, कारण काकांची ती दोन कुत्री तुमच्या कुत्र्याची चौकशी करायला येणार.

फोनवर “कुत्रा चालेल का?” एवढंच विचारू नका. “रात्री त्याला कुठे झोपवायचं?” हे विचारा. अंगणात म्हणाले तर बिबट्याचं विचारा. पडवी म्हणाले, दार बंद होतं म्हणाले, तर घ्या बुकिंग. आणि बागेत फिरताना खाली पडलेल्या काजूच्या बोंडवांपाशी त्याला सोडू नका. बोंडू गोड असतो, पण खाली लटकलेली बी चावली की तिच्या तेलाने तोंड भाजतं.