तबकडीची चौकट आणि आमची चित्रफीत

दलितांचा इतिहास कागदावर कमी आणि कंठात जास्त आहे. जलसे, कव्वाल्यांचे सामने, सभांतली भाषणे, मोर्चातल्या घोषणा ह्यांतून तो एका पिढीकडून दुसरीकडे आला. त्यातले फार थोडे नोंदले गेले. आंबेडकरी जलशांतली काही पदे छापली गेली. पण ती म्हणणाऱ्यांचा आवाज आणि समोर बसलेल्या माणसांचे चेहरे काळाबरोबर गेले. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. ती चित्रित करून ठेवण्याची निकड नामदेव व्हटकरांना वाटली, हे आपल्यावरचे ऋण आहे. जे नोंदले जात नाही ते घडलेच नाही, असे म्हणायला प्रस्थापित नेहमीच मोकळे असतात.

पुढे कॅमेरा स्वस्त झाला, मोबाईलमध्ये आला, आणि नोंद करण्याचे साधन आपल्याही हाती आले. परंतु साधन हाती आले म्हणजे नोंद समाजापर्यंत पोचली, असे होत नाही. ह्या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत चित्रफीत वस्तीत पोचत असे ती मुख्यतः व्हीसीडी आणि डीव्हीडीच्या तबकडीतून. संगणक थोड्यांकडे, इंटरनेट त्याहून थोड्यांकडे. टीव्ही आणि प्लेअर मात्र कोणाच्या ना कोणाच्या घरी मिळे. अडचण अशी की संगणकावर किंवा मोबाईलवर चालणारी फाइल जशीच्या तशी तबकडीवर उतरवली, तर बहुतेक प्लेअर ती ओळखतच नसत. तिचे आधी रूपांतर करावे लागे. ह्या रूपांतराचा इतिहास वरवर तांत्रिक वाटतो. माझ्या मते तो ज्ञानाच्या मालकीचा इतिहास आहे, आणि म्हणून कार्यकर्त्यांनी तो समजून घेतला पाहिजे.

डीव्हीडीचा फॉरमॅट दहा बड्या कंपन्यांनी मिळून १९९५ मध्ये ठरवला. त्यांत जपानच्या तोशिबा, सोनी, मात्सुशिता, हिताची, पायोनियर, युरोपच्या फिलिप्स आणि थॉमसन, अमेरिकेची टाइम वॉर्नर अशा कंपन्या होत्या. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात पहिले प्लेअर विक्रीस आले. तबकडीवरचे चित्र एमपेग-२ पद्धतीने आकुंचित केलेले असावे. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीसाठी ते ७२० बिंदू रुंद व ५७६ बिंदू उंच असावे, सेकंदाला २५ चित्रे असावीत. ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने असावेत. आणि हे सारे ठरावीक नावाच्या फोल्डरात, १ जीबीपेक्षा मोठे नसलेल्या तुकड्यांत मांडलेले असावे, असा ढोबळमानाने हा नियम. पण नियमांचा मूळ ग्रंथ कोणालाही वाचता येत नव्हता. त्यासाठी ५,००० डॉलर मोजावे लागत आणि त्यातले बाहेर सांगणार नाही असे लिहून द्यावे लागे. एमपेग-२ च्या पेटंटचे शुल्क आणखी वेगळे. २००२ पासून ते प्रत्येक प्लेअरमागे अडीच डॉलर होते.

ग्रंथ आहे, पण तो वाचण्याची मुभा नाही, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. तुलना मात्र ताणू नये. जात जन्मावरून दार लावते, कंपनी पैशावरून लावते. पहिल्या दाराला किल्ली नसते, दुसऱ्याला असते. तरीही दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच राहतो: ज्ञान कोणाचे, आणि ते वापरायला कोणाची परवानगी लागते?

ह्या प्रश्नाचे उत्तर काही तरुणांनी परवानगी न मागता दिले. कंपन्यांनी चित्रपटांच्या तबकड्यांवर सांकेतिक कुलूप बसवले होते आणि जगाचे विभाग पाडले होते. भारत पाचव्या विभागात होता. १९९९ मध्ये नॉर्वेतला पंधरा वर्षांचा योन लेक योहानसेन आणि त्याचे साथी यांनी हे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याच्यावर खटला झाला. जानेवारी २००३ मध्ये तो निर्दोष सुटला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात अपिलातही सुटला. २००० मध्ये फ्रान्सच्या फाब्रिस बेलार याने एफएफएमपेग हा प्रोग्रॅम सुरू केला. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढवला आणि सर्वांना मोफत खुला ठेवला. त्याला ‘पाल-डीव्हीडी’ एवढे लक्ष्य सांगितले की तो वर दिलेली बहुतेक मापे स्वतःच लावतो. नंतर डीव्हीडीऑथर नावाचा दुसरा मोफत प्रोग्रॅम ती फाइल प्लेअरला हव्या त्या फोल्डरात मांडतो, आणि शेवटी तबकडी जाळायची व बंद करायची. आपली स्वतःची चित्रफीत उतरवायला कुलपाचा संबंधच येत नाही; लागते ते फक्त चौकटीचे ज्ञान. ते ज्ञान ह्या मंडळींनी खुले केले. दलित चळवळीशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी त्याचा लाभ आपल्याला झाला, हे नमूद केले पाहिजे.

रूपांतरात नेमके काय होते? फाइलच्या नावाचे शेपूट बदलले म्हणजे रूपांतर झाले, असा एक समज आहे. फाइलचे नाव हे भांड्याचे नाव. आत चित्र कोणत्या पद्धतीने आकुंचित केले आहे ती गोष्ट वेगळी. मोबाईलच्या एमपी-४ भांड्यात बहुधा एच-२६४ पद्धतीचे चित्र असते. ते पूर्ण उलगडून एमपेग-२ मध्ये पुन्हा आवळावे लागते, आणि ह्या आवळण्यात दरवेळी काहीतरी गळते. मोबाईल उभा धरून घेतलेले चित्र आडव्या चौकटीत नीट न बसवता ताणले, तर शाहिराचा चेहरा पसरट होतो. मोबाईलमध्ये सेकंदाला चित्रांची संख्या कमीजास्त होत असते. ती सांभाळली नाही तर ढोलकीवरची थाप आणि तिचा आवाज यांची फारकत होते.

सर्वांत कठीण हिशेब जागेचा असतो. एकथरी तबकडीत ४.७ जीबी मावते. दोन तासांच्या चित्रफितीला सेकंदामागे सुमारे ५२ लक्ष बिट मिळतात आणि चित्र चांगले येते. २०० मिनिटांना ३१ लक्षच उरतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांत विलास घोगरे ह्या शाहिराने आत्महत्या केली. ह्या साऱ्याचा मागोवा घेणारा आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट २०११ मध्ये आला. त्याची लांबी जवळजवळ एवढीच आहे. एवढा चित्रपट एका थरात बसवायचा तर चित्राची धार कमी करावी लागते. ती राखायची तर दुसरी तबकडी किंवा दुसरा थर घ्यावा लागतो. काही कापायचे की धार सोडायची, हा निर्णय यंत्र घेत नाही, माणूस घेतो.

तो माणूस कोण, हे महत्त्वाचे आहे. आमच्या तालुक्याच्या गावी जयंतीनिमित्त झालेल्या सभेचे चित्रण आम्ही एका दुकानात डीव्हीडी करायला दिले होते. सभा तीन तासांची. तबकडी हाती आली तेव्हा शेवटची चाळीस मिनिटे तीत नव्हती. ‘बसत नव्हते,’ एवढेच उत्तर मिळाले. त्या चाळीस मिनिटांत गायरान जमिनीच्या प्रश्नावर बायका बोलल्या होत्या. दुकानदाराच्या मनात आकस होता असे मी म्हणणार नाही. पण आपल्या सभांत पाहुणे आधी बोलतात, पुढारी मग बोलतात आणि बायका शेवटी बोलतात. त्यामुळे जागा संपली की कात्री त्यांच्यावरच पडते. ह्यात चौकटीचा दोष थोडा आणि आपल्या क्रमाचा दोष मोठा. मूळ फाइल कार्डावर शाबूत होती, म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतः रूपांतर शिकून दोन तबकड्या केल्या. त्या नंतर वस्तीत अनेकदा लागल्या.

आता ह्या इतिहासाचे चक्र उलटे फिरले आहे. एमपेग-२ ची अमेरिकेतली अखेरची पेटंटे २०१८ मध्ये संपली. म्हणजे चौकट मोकळी झाली तेव्हा तिचा जमाना ओसरत आला होता. नव्या लॅपटॉपना बहुधा तबकडीचा खणच नसतो. घरी जाळलेल्या तबकडीवरचा रंगद्रव्याचा थर काळाने, उन्हाने, दमटपणाने बिघडतो. आपल्या कपाटांत, ट्रंकांत अशा किती सभा, किती शाहिरी, किती वृद्ध कार्यकर्त्यांच्या मुलाखती पडून आहेत! त्या मुकाट्याने पुसल्या जात आहेत.

म्हणून माझे कार्यकर्त्यांना, विशेषतः महाविद्यालयातल्या मित्रांना सांगणे आहे. तबकडी जोवर वाचली जाते तोवर तिचे फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्या. पुन्हा आवळू नका, कारण जे एकदा गळले ते परत येत नाही. दाखवण्यासाठी हवी तर वेगळी लहान प्रत करा, पण मूळ हलवू नका. दोन प्रती दोन गावी ठेवा. कोण बोलले, कुठे, कोणत्या वर्षी, हे लिहून ठेवा. नाव नसलेला चेहरा पुढच्या पिढीला परका असतो. आणि हे काम दुकानावर सोपवू नका, प्रत्येक वस्तीतल्या दोन मुलामुलींना शिकवा. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला तो आपले म्हणणे दुसऱ्याच्या मर्जीवर राहू नये म्हणून. आपल्या चित्रफितींनाही तोच न्याय लावला पाहिजे. चौकटी येतील आणि जातील. त्यांत काय बसवायचे आणि काय कापायचे, हे ठरवणारा हात आपला असला पाहिजे.