काळ्या ठशाचा वाद

छापील रंगीत चित्र भिंगाखाली धरावे. आंब्याचा केशरी रंग त्यात कोठेच सापडत नाही. सापडतात ते पिवळे आणि किरमिजी ठिपके, कोठे निळसर, कोठे काळे. चार शायांवर सारा संसार चालतो.

या हिशेबाचा पाया फ्रँकफुर्टला १६६७ साली जन्मलेल्या याकोब क्रिस्टोफ ल ब्लाँने घातला. सर्व रंगांचे किरण मिळून पांढरा प्रकाश होतो, हे न्यूटनने दाखविले होते. शायांचे गणित उलटे. शाई प्रकाश गिळते : पिवळी निळा गिळते, किरमिजी हिरवा, निळसर तांबडा. तिन्ही एकावर एक चढविल्या की उरतो अंधार. किरणांचे रंग निराळे आणि हाताला लागणारे रंग निराळे, हा भेद ल ब्लाँने १७२५ च्या ‘कोलोरित्तो’ या पुस्तकात मांडला. त्याच्या शाया मात्र निळी, पिवळी व तांबडी होत्या.

कॅमेरा तेव्हा नव्हता. चित्रात कोणता रंग किती, हे नजरेनेच ठरवावयाचे. तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सर्वत्र खरबरीत करावयाचा, मग उजेडाच्या जागा घासून गुळगुळीत करावयाच्या. आणि एका चित्रासाठी असे तीन पत्रे! १७१९ साली इंग्लंडच्या राजाने त्याला पेटंट दिले, भांडवलदारांची कंपनी निघाली आणि काही वर्षांत बुडाली. भागधारकांचा तोटा इतिहासकार आवर्जून सांगतात; पत्रे खरवडणाऱ्यांची नावे विचारण्याची आम्हांला खोड आहे, ती सहसा मिळत नाहीत.

१७४१ साली ल ब्लाँ पॅरिसमध्ये वारला. त्याच्याकडे काही काळ काम केलेल्या गोतिए दागोतीने त्याच वर्षी राजाकडून मक्ता मिळविला आणि चौथा, काळा ठसा हा आपलाच शोध असे जाहीर केले. वस्तुतः ल ब्लाँनेही प्रसंगी काळा ठसा वापरला होता. आमच्या मते भांडण ज्ञानाचे नव्हते, मालकीचे होते.

काळ्याची गरज मात्र खरी. कोणतीच शाई शुद्ध नसते. तिन्ही मिळून काळ्याऐवजी मळकट तपकिरी उतरतो. शिवाय बारीक अक्षर तीन शायांत छापले आणि ठसा केसभर सरकला, तर अक्षराला रंगीत कडा फुटतात. छापखान्यातील माणसाला हे सांगावे लागत नाही.

मुंबईत १८९४ साली रविवर्मा प्रेस निघाला, तेव्हाही ही चौरंगी रीत नव्हती. एकेका छटेला वेगळा दगड लागे.