विद्युत् क्षेत्र आणि कर्कपेशी : गणिती प्रतिमान

कर्करोगावरील उपचारात बाहेरून लावलेले विद्युत् क्षेत्र पेशीच्या पटलावर, पेशीच्या आत आणि गाठीभोवतीच्या ऊतकात किती पोचते, हे समीकरणांनी काढण्याची पद्धत. तिचा पाया जीवभौतिकीतले श्वान समीकरण हा आहे. पेशी म्हणजे आतबाहेर संवाहक द्रव आणि मध्ये सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे निरोधक पटल असलेला गोल, असे धरले की पटलावरचे वाढीव विभवांतर = १.५ × क्षेत्रतीव्रता × त्रिज्या × क्षेत्राच्या दिशेशी होणाऱ्या कोनाची कोज्या. क्षेत्राच्या दिशेतल्या दोन ध्रुवांवर ताण सर्वाधिक, मधल्या पट्ट्यावर शून्य.

त्रिज्या १० मायक्रोमीटर घ्या. सेंटिमीटरला १,००० व्होल्टच्या स्पंदाने ध्रुवाशी १.५ व्होल्ट येतात. पटलाला एरवी सवय असते काही दशक मिलिव्होल्टची. एवढ्या ताणाने त्याला छिद्रे पडतात. हेच इलेक्ट्रोपोरेशन. छिद्रे बुजणारी असली तर त्यांतून ब्लिओमायसिनसारखे कर्करोगावरचे औषध आत सोडता येते. न बुजणारी असली तर पेशी मरते. ऊतक न भाजता गाठ अशी मारता येईल, हे दावालोस, मीर आणि रुबिन्स्की या संशोधकांनी २००५ मध्ये आधी गणितानेच दाखवले.

हैफाचे संशोधक योराम पाल्टी यांची पद्धत याहून कितीतरी सौम्य. सेंटिमीटरला १ ते ३ व्होल्ट आणि १०० ते ३०० किलोहर्ट्झचे प्रत्यावर्ती क्षेत्र. तेच सूत्र १ व्होल्टला जेमतेम १.५ मिलिव्होल्ट देते, म्हणजे छिद्रांचा प्रश्नच नाही. तरी विभागत असलेल्या पेशी अडखळतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. प्रतिमान सांगते की दुभागताना पेशी डमरूसारखी होते, तिच्या अरुंद कमरेशी क्षेत्ररेषा दाटतात आणि आतले रेणू तिकडे ओढले जातात. पेशीविभाजनाला लागणाऱ्या ट्युब्युलिन या प्रथिनाचे रेणू क्षेत्रामुळे वळतात, हे दुसरे स्पष्टीकरण मात्र आकड्यांपुढे लटके पडते : १ व्होल्टला एका रेणूवरची ही ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. उपचाराचा गुण त्याने खोटा ठरत नाही. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या ६९५ रुग्णांच्या चाचणीत केमोथेरपीला या क्षेत्राची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान १६ वरून २०.९ महिन्यांवर गेले. पण कारण अजून सिद्ध व्हायचे आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवे.

हे क्षेत्र मेंदूत पोचवण्यासाठी रुग्णाच्या भादरलेल्या डोक्यावर प्रत्येकी नऊ चकत्यांच्या चार पट्ट्या चिकटवतात. त्या कुठे बसवायच्या, हे एमआरआयवरून त्वचा, कवटी, मेंदूजल आणि मेंदू यांची संवाहकता वेगवेगळी धरून ठरवता येते. कवटी क्षेत्र अडवते, मेंदूजल प्रवाह आपल्याकडे वळवते. शस्त्रक्रियेनंतर गाठीच्या जागी द्रव साचला, तर त्या पोकळीच्या काठाशी क्षेत्र बदलते आणि गणित पुन्हा मांडावे लागते.