दृष्टांत आणि दार्ष्टांतिक

कथेंतील अलंकारिक भाषेचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न मराठींत आधुनिक लघुकथेबरोबर आला, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या मतें तो तेराव्या शतकाइतका जुना आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांनीं सांगितलेले ११४ दृष्टांत केशिराजबासांनीं ‘दृष्टांतपाठां’त एकत्र केले. प्रत्येकाचीं अंगें तीन: चक्रधरांचें सूत्र, त्यांचाच दृष्टांत आणि केशिराजबासांनीं जोडलेलें दार्ष्टांतिक, म्हणजे अर्थाची फोड.

त्यांतील हत्ती चांचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट घ्या. पाय चांचपणारा म्हणतो, हत्ती खांबासारखा. कान चांचपणारा म्हणतो, सुपासारखा. दार्ष्टांतिक ही गोष्ट परमेश्वराच्या ज्ञानाकडे वळवितें. आम्हांस तींत वाचकालाही इशारा दिसतो. दोन्ही उपमा आपापल्या ठिकाणीं खऱ्याच आहेत. एका अवयवाची उपमा सबंध हत्तीवर लादली, तेथें चूक झाली.

हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ काढलें. त्यांतील स्फुट गोष्टींपासून वाढत गेलेल्या कथेनें दार्ष्टांतिकाचें अंग हळूहळू टाकलें, आणि तें काम वाचकाकडे आलें. म्हणून एखादी प्रतिमा हातीं लागली कीं अर्थ सांपडला, असें मानूं नये. सबंध कथेवरून एकदां हात फिरवावा, मगच बोलावें.