चम्मकचा ताम्रपट आणि हार्वर्डची करमाफी

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ४ जुलै २०२५ रोजी एका जाडजूड करकायद्यावर सही केली. त्यातलं एक कलम तिथल्या श्रीमंत खासगी विद्यापीठांच्या कायम निधीबद्दल आहे. कायम निधी म्हणजे देणगीदारांनी दिलेलं मुद्दल. त्याला हात लावायचा नाही. ते गुंतवायचं आणि दरसाल साधारण चार-पाच टक्के काढून त्यातून प्राध्यापकांचे पगार, शिष्यवृत्त्या, प्रयोगशाळा चालवायच्या. या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर २०१७ पर्यंत कर नव्हता. त्या वर्षीच्या कायद्याने विद्यार्थ्यामागे किमान ५ लाख डॉलर निधी असलेल्या खासगी विद्यापीठांवर १.४ टक्के कर बसवला. आता त्याच्या तीन पायऱ्या झाल्या आहेत. विद्यार्थ्यामागे साडेसात लाख डॉलरपर्यंत १.४ टक्के, तिथून २० लाखांपर्यंत ४ टक्के आणि त्याच्या वर ८ टक्के. ज्यांच्याकडे ३००० विद्यार्थीही नाहीत, ती महाविद्यालयं यातून सुटली. २०२५ सालीच हार्वर्डची करमाफी मुळातूनच काढून घेण्याची भाषाही राष्ट्राध्यक्षांनी केली होती.

हे सगळं वाचताना माझ्या मनात एकच गाव घोळत होतं : चम्मक. अमरावती जिल्ह्यात, अचलपूरच्या नैर्ऋत्येला सहा-सात किलोमीटरवर. विद्येसाठी दिलेली मालमत्ता, तिला दिलेली करमाफी आणि ती माफी कधी रद्द होईल याच्या अटी, या तिन्ही गोष्टी एकाच दस्तऐवजात, कलमवार, वऱ्हाडात पंधराशे वर्षांपूर्वी लिहिल्या गेल्या होत्या. विद्यापीठांच्या निधीची कुळकथा सांगणारे बहुतेक जण ऑक्सफर्डपासून सुरुवात करतात. ती चम्मकपासून करावी, असं माझं म्हणणं आहे.

१८६८च्या सुमारास चम्मकच्या एका शेतात नांगर चालू असताना हे ताम्रपट निघाले. जे. एफ. फ्लीट यांनी गुप्तकालीन कोरीव लेखांच्या आपल्या ग्रंथात ते छापले. पुढे वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या लेखांमध्ये त्यांचा पुन्हा अभ्यास केला. दान देणारा राजा वाकाटक दुसरा प्रवरसेन, म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताचा नातू, प्रभावतीगुप्तेचा मुलगा. काळ पाचव्या शतकाचा पूर्वार्ध. राज्यवर्ष १८, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं चर्मांक नावाचं गाव, राजमानाने ८००० भूमी (भूमी हे जमिनीचं माप), शत्रुघ्नराजाचा मुलगा कोंडराज याच्या विनंतीवरून, निरनिराळ्या गोत्रांच्या आणि चरणांच्या १००० ब्राह्मणांना दिलं. चरण म्हणजे वेदाची अध्ययनशाखा. दान घेणाऱ्यांची ओळख ते कोणत्या शाखेचं शिक्षण चालवतात यावरून दिली आहे, म्हणून मी याला विद्येचा निधी म्हणतो.

आता सवलतींची यादी पाहा. या गावाने कर द्यायचा नाही. राजाचे शिपाई गावात शिरणार नाहीत. गाईबैलांवर, फुलांवर, दुधावर राजाचा हक्क नाही. चराई, कातडी आणि कोळसा राजाच्या माणसांना पुरवायचा नाही. मिठासाठी खणती नाही. वेठबिगार नाही. गावात सापडलेलं गुप्तधन आणि ठेवीही दानाबरोबर गेल्या. आजच्या करकायद्यातही कशाला सूट आहे हे असंच एकेक करून मोजलेलं असतं. त्या काळच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याकडून राजसत्ता काय काय ओरपत होती, तेही याच यादीतून कळतं.

पण खरी चकित करणारी गोष्ट त्याच्या पुढे आहे. चंद्रसूर्य असेतो हे गाव तुमचं, पण तुम्ही राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करू नये, राजाला विष देऊ नये, लढाई करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. यातलं काही केलंत, किंवा कोणी करताना संमती दिलीत, तर जमीन काढून घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष लागणार नाही. दानपत्रांत सहसा दान हिरावणाऱ्याला नरकाचा शाप असतो. इथे राजा दान घेणाऱ्यांवर बंधन घालतो. त्याच वाक्याने तो स्वतःवरही बंधन घालून घेतो, कारण या कारणांखेरीज जमीन काढून घेतली तर ती चोरीच ठरणार.

ताम्रपटात एक कोडं आहे. दान १००० ब्राह्मणांना, पण नावं कोरली आहेत अवघी ४९. कोणी म्हणेल, तांबं संपलं. कोणी म्हणेल, हजार हा आकडा शोभेचा. मला दोन्ही पटत नाहीत. ज्या लेखकाने कातडी आणि कोळसासुद्धा वगळला नाही, तो साडेनऊशे माणसं विसरणार नाही. माझा तर्क असा की हे ४९ जण म्हणजे घराण्यांचे किंवा शाखांचे प्रमुख, आजच्या भाषेत विश्वस्त, आणि लाभार्थी हजार. अटी मोडल्या तर जाब कोणाला विचारायचा, हे ठरवायला नावं लागतात, आणि ती जबाबदार माणसांचीच लागतात. याला लेखी पुरावा नाही, पण या लेखाच्या काटेकोर स्वभावाशी हा तर्क जुळतो.

रामशरण शर्मांनी १९६५च्या ‘इंडियन फ्यूडॅलिझम’ या ग्रंथात अशा दानपत्रांचा वेगळा अर्थ लावला. करमाफी आणि शिपायांना बंदी म्हणजे राजाने आपली सत्ता तुकड्यातुकड्याने सोडून दिल्याची खूण, असं त्यांचं प्रतिपादन. सवलतींपुरतं ते बरोबर वाटतं. चम्मकच्या अटी मात्र त्या चौकटीत बसत नाहीत. सत्ता सोडून देणारा राजा द्रोहापासून शेजारच्या गावाच्या उपद्रवापर्यंत सगळं कशाला लिहून ठेवील? त्याने महसूल सोडला, देखरेख हातात ठेवली. आजची सरकारंही शिक्षणसंस्थांशी हाच करार करतात.

चम्मकनंतर निधीच्या कुळकथेतला दुसरा दावा नाशिकचा. तो चम्मकहून जुना आहे आणि मी तो मनापासून मानतो. पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधी न संपणारी ठेव, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४० कार्षापण होतं, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण ठरवले आहेत. हिशेब चोख. वर हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि दप्तरी फलकावर नोंदवला. मुद्दल, व्याज, ठरलेला खर्च, सार्वजनिक नोंद, म्हणजे हार्वर्डच्या निधीचा सगळा सांगाडा इथे आहे. नाही ती एकच गोष्ट : या ठेवीच्या व्याजावरचा कर आणि त्याच्या माफीची अट. ती चम्मकला मिळते. म्हणून मी नाशिकला निधीचं मूळ मानतो आणि चम्मकला करमाफीच्या कराराचं.

तिसरा दावा वक्फचा. जॉर्ज मक्दिसी यांनी १९८१ साली मांडलं की युरोपातल्या कॉलेजांचा साचा इस्लामी मदरशांच्या वक्फवरून आला. पुढे मोनिका गॉडिओसी यांनी ऑक्सफर्डच्या १२६४च्या मर्टन कॉलेजचे नियम वक्फशी ताडून पाहिले. उसनवारी सिद्ध करणारा थेट कागद नाही, पण साम्य नजरेत भरतं : मालमत्ता कायमची बांधलेली, उत्पन्न ठरलेल्या कामाला, दात्याच्या अटी अबाधित. चम्मकच्या शेजारचं अचलपूर ही पुढे इमादशाहीच्या मुस्लिम सुलतानांची राजधानी. म्हणजे वऱ्हाडाने दोन-तीन कोसांच्या परिसरात दोन्ही परंपरा नांदवल्या.

चौथा दावा इंग्रजांचा, आणि कायद्याच्या पुस्तकात तोच जिंकतो. १६०१चा धर्मादायविषयक कायदा, १७९९च्या प्राप्तिकरात धर्मादाय संस्थांना सूट, मग भारतात १८८६च्या प्राप्तिकर कायद्यात धार्मिक आणि सार्वजनिक धर्मादाय कामाच्या मालमत्तेला तीच सूट, १८९०चा धर्मादाय निधी कायदा. त्यात गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि लोकोपयोगी काम हा चौकोन ठरला, आणि तोच प्राप्तिकराच्या कायद्यात उतरला. चम्मक ते १८८६ अशी अखंड साखळी मला दाखवता येत नाही. पण मधली एक कडी पक्की आहे. पेशवे दरवर्षी पुण्यात विद्वानांना दक्षिणा वाटत. १८१८ नंतर इंग्रजांनी ती रक्कम कमी केली, पण बंद केली नाही. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती याच पैशावर. १८४९ साली लोकहितवादी आणि इतरांनी अर्ज केला की दक्षिणेतला वाटा मराठी ग्रंथांना मिळावा. पुढे दक्षिणा प्राइज कमिटी आणि डेक्कन कॉलेजातल्या दक्षिणा फेलोशिप याच निधीतून चालल्या. जुनं विद्यादान आधुनिक कॉलेजच्या निधीत उतरलं, त्याचा हा लेखी पुरावा.

विदर्भात हा प्रवास दोन वाटांनी झाला. एक दात्याची : कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने आपली लाखोंची संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिली. ते १९३० साली गेले आणि त्यांच्या नावाची तंत्रशास्त्र संस्था १९४२ साली उभी राहिली. दुसरी वाट पंजाबराव देशमुखांची. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा विलायतेत वेदवाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर डॉक्टरेट करून आला. चम्मकला ज्या वेदशाखांसाठी गाव दिलं गेलं, त्यांचं अध्ययन बहुजनांना बंद होतं. पंजाबरावांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं, श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. अकोल्याचं शिवाजी महाविद्यालय त्याच संस्थेचं, आणि १९६९ साली निघालेल्या तिथल्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव मिळालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात त्यांनी हिंदू देवस्थान संपत्तीचं विधेयक आणलं. देवस्थानांकडे साचलेला पैसा लोकांच्या कामी यावा, हा त्यामागचा विचार. दात्याची मूळ अट किती ताणता येते, हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. रतिलाल गांधी खटल्यात १९५४ साली न्यायालयाने धार्मिक निधी सरसकट दुसऱ्या कामाकडे वळवण्याला लगाम घातला.

आज आपल्याकडे करार काय आहे? १९६१च्या प्राप्तिकर कायद्याने घालून दिलेलं आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही टिकलेलं सूत्र असं : नोंदणीकृत संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के आपल्या उद्दिष्टावर खर्च करायचे, १५ टक्के शिल्लक टाकता येतात. त्याहून जास्त साठवायचं तर कारण लिहून द्यायचं, मुदत पाच वर्षं. संस्थापकाच्या नातेवाइकांचा फायदा केला तर तेवढ्या उत्पन्नाची माफी जाते. पैसा कुठे गुंतवायचा तेही ठरलेलं, त्यामुळे अमेरिकी विद्यापीठांसारखा मनाप्रमाणे शेअर बाजारात टाकता येत नाही. अमेरिकेत विद्यापीठांना असा किमान खर्चाचा दंडक नाही. तिथे नाशिकची अक्षयनीवी प्रचंड वाढली, चम्मकच्या अटी मात्र मागे राहिल्या. आता विद्यार्थ्यांची संख्या मोजून कर लावण्याची वेळ आली, ती त्यामुळेच.

माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. शिक्षणाच्या निधीला करमाफी हवी, आणि तिच्या अटी प्रवरसेनाप्रमाणे आधी, लेखी आणि नावानिशी जाहीर हव्यात. अटी नंतर सुचल्या तर ती सूडबुद्धी होते, आणि अटीच नसल्या तर निधी नुसता फुगत जातो.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतून शिकून पुण्या-मुंबईत आणि परदेशात स्थिरावलेल्या वऱ्हाडी वाचकांना एक सांगणं. आपल्या जुन्या महाविद्यालयाला देणगी द्याल तेव्हा पत्रात ‘ही रक्कम संस्थेच्या कॉर्पसमध्ये जमा करावी’ असं स्पष्ट लिहा; कॉर्पस म्हणजेच कायम निधी. ते लिहिलं नाही तर तुमची देणगी संस्थेचं चालू उत्पन्न धरली जाते आणि तिला ८५ टक्के खर्चाचा नियम लागतो. लिहिलंत तर मुद्दल टिकतं. आणि दरवर्षी त्या मुद्दलाचा हिशेब मागा.