मालाडला गप्प, पुण्याला बोलता

कांदिवलीहून चर्चगेटकडे निघालं की पहिलंच स्टेशन मालाड. पश्चिमेला उतरून थोडं चाललं की बॉम्बे टॉकीजचं जुनं आवार लागतं. आज तिथे गाळे आणि कारखाने आहेत. हिमांशू राय यांनी १९३४ साली ही सिनेमा कंपनी काढली तेव्हा कांदिवली-मालाड मुंबईत धरतच नसत. बृहन्मुंबईत हा भाग आला १९५७ साली. या आवाराशी अशोक कुमार, देविका राणी ही नावं सगळेच जोडतात. बंगाली कथांतल्या ब्योमकेश बक्षी या गुप्तहेराचं नाव कोणी घेत नाही. घ्यायचं तसं कारणही नाही, कारण त्याचा लेखक इथे काम करत होता त्या काळात ब्योमकेश तोंड मिटून होता.

त्याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय मूळचे वकील. वकिली सोडून ते लेखनाला लागले आणि १९३२ साली त्यांनी ब्योमकेश उभा केला. डिटेक्टिव्ह हा शब्द या गृहस्थाला रुचत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. बंगालीत तेव्हा असल्या कथा म्हणजे हलका माल. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? बाबूराव अर्णाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड यांनी लोकांना रात्र रात्र जागवलं, पण समीक्षकांनी त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवलं. नाथमाधवांनी ‘सोनेरी टोळी’ लिहिली खरी, पण नाव राहिलं ते स्वराज्याच्या कादंबऱ्यांमुळे. शरदिंदूंनी तडजोड केली नाही. ऐतिहासिक कथांना जी घोटीव भाषा, तीच खुनाच्या तपासालाही.

१९३६पर्यंत दहा कथा झाल्या आणि ब्योमकेश थांबला. १९३८ साली हिमांशू राय यांचं बोलावणं आलं, शरदिंदु मुंबईला आले. त्यांच्याच कथेवरून बॉम्बे टॉकीजचा ‘भाभी’ निघाला. पुढची कितीतरी वर्षं पटकथांत गेली. पगार मिळत होता, सत्यान्वेषी मात्र जवळजवळ पंधरा वर्षं बेकार.

१९५१च्या अखेरीस ‘चित्रचोर’ लिहून त्यांनी त्याला पुन्हा कामाला लावलं. १९५२ साली सिनेमाला रामराम ठोकून ते पुण्याला स्थायिक झाले. हिशेब मांडला तर गंमत वाटते: ब्योमकेशच्या पुऱ्या झालेल्या कथा बत्तीस. त्यांतल्या बावीस या दुसऱ्या डावातल्या, म्हणजे बहुतेक पुण्यात बसून लिहिलेल्या. कोलकात्याच्या गल्ल्या, मेसमधल्या खोल्या, चहाचे पेले हे सारं पुण्याच्या हवेत कागदावर उतरत होतं.

महाराष्ट्र आत शिरणारच होता. ‘शैलरहस्य’मध्ये ब्योमकेश थेट महाबळेश्वरला येतो. ऐन थंडी, गिऱ्हाईक नसलेलं सह्याद्री हॉटेल, पारशी मालक आणि एक भूत! मित्र अजित कोलकात्यात, त्यामुळे ब्योमकेश त्याला लांबलचक पत्र धाडतो आणि धावपळीचं काम त्याच्या गळ्यात घालतो. हंगाम सरलेलं थंड हवेचं ठिकाण किती भकास दिसतं हे जवळ राहणाऱ्यालाच ठाऊक. ही कथा कोलकात्यात बसून सुचली नसती. याच काळात त्यांनी बंगाली मुलांसाठी सदाशिव नावाचा मराठी पोरगा शिवाजी महाराजांच्या फौजेत धाडला आणि त्याच्या साहसांची मालिकाच लिहिली. मराठी वाचकाला ब्योमकेश ठाऊक झाला तो १९९३च्या दूरदर्शन मालिकेतून, रजित कपूरच्या चेहऱ्याने. तो पुण्यात लिहिला गेला हे किती जणांच्या कानी असेल?

तेहेतिसावी कथा ‘बिशुपाल वध’. कीचकवधाच्या नाटकाचा प्रयोग रंगात आलेला असताना रंगमंचावरच नट मरतो. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर इंग्रज सरकारने बंदी घातली होती, हे मराठी वाचकाला इथे आठवल्यावाचून राहत नाही. ब्योमकेशचा तपास सुरू झाला होता. २२ सप्टेंबर १९७० रोजी शरदिंदु गेले, आणि खुनी कोण ते त्यांच्याबरोबर.